दुरांताचा पाला

"बाई, ह्ये समदं जाळायचं?"

वच्छी फाटकातून आत आली तेव्हा मी कात्री हातात घेऊन अंगणात उभी होते. पायाशी दुरांताच्या फांद्यांचा गुडघाभर ढीग पडला होता. हिरवीगार पानं आणि फांदीफांदीच्या टोकाला पिवळ्याधमक मण्यांचे घोस.

"साहेबांचा हुकूम आहे," मी म्हटलं. साहेब म्हणजे आमचे हे. "उद्या मुख्य अभियंता यायचेत. त्यांच्या जीपला फांद्या लागता कामा नयेत आणि अंगणात पाचोळा दिसता कामा नये. संध्याकाळी इस्माईल शिपाई येऊन काडी लावेल."

"एवढं सोन्यावाणी झाड, आन् काडी लावायची!" तिनं टोपली खाली ठेवली, उकिडवी बसली आणि एक घोस उचलून कानाशी धरला. "कसं दिसतंय?"

"सोनाराकडून आणल्यासारखं."

"मालकास्नी म्हंते, पुन्याहून असलंच डूल आना."

ती हसली. वच्छीचं हसू मोठं होतं, चारचौघांत शोभणार नाही इतकं. तिची सासू त्यावरून तिला बोलायची.

धरणाच्या त्या वसाहतीत आम्ही चार वर्षं काढली. बारा क्वार्टर, एक पाण्याची टाकी, मागे डावा कालवा आणि कालव्यापलीकडे वच्छीचं गाव. हे तिथे शाखा अभियंता होते. प्रत्येक क्वार्टरपुढे मेंदीचं कुंपण होतं, सरकारी, एका मापाचं. आमच्या एकट्यांच्या दारात दुरांता होता. सांगलीहून, माहेरच्या परसातून, दोन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत घालून आणल्या होत्या मी. तांदळाचं धुवण घालून वाढवल्या. तिसऱ्या वर्षी दोन्ही झुडपं माणसापेक्षा उंच झाली, आधी जांभळी फुलं आली आणि दिवाळीनंतर मणी धरले. मग वसाहतीतल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या फाटकाशी थांबायला लागल्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं. बीएस्सी बॉटनी झालेली मुलगी असल्या ओसाडीत येऊन पडली होती. माझं म्हणावं असं तिथे तेवढंच होतं.

वच्छीची सासू गजराबाई, तिनं पहिल्यांदा मणी पाहिले तेव्हा विचारलं होतं, "ह्ये खात्यात?"

"नाही, नुसतं बघायचं."

"नुसतं बघायला पानी घालता?" असं म्हणून ती कपाळावर हात मारत गेली होती.

या दोघींच्या पाच शेळ्या होत्या. रोज सकाळी दोघींपैकी एक जण वसाहतीतून फिरायची आणि घराघरातून भाजीचे देठ, साली, शिळी भाकरी असं काय मिळेल ते टोपलीत घेऊन जायची. मला तर नाही म्हणायची सोयच नव्हती. आमची मृदू जन्मली तेव्हा मला दूध पुरेना, आणि गजराबाईच्या कबऱ्या शेळीच्या दुधावर पोर वाढली. दोन वर्षं रोज सकाळी लोटाभर दूध यायचं.

त्या दिवशी मी वच्छीला फ्लॉवरचा पाला आणि मटाराच्या साली दिल्या. तिनं टोपलीत पाहिलं आणि साली हातानं खालीवर केल्या.

"काय गं?"

"काय न्हाई. सायबांनी सांगितलंय, मोठं सायेब येऊन जाईस्तवर कालव्यावर जनावर न्हाई दिसलं पायजे. काल सकाळधरनं बांधून हायत्या. ओरडून ओरडून जीव खाल्ला. औंदा रानात बी काय न्हाई."

हा हुकूमही यांचाच. पाऊस नीट झाला नव्हता. जानेवारीतच रानं उघडी पडली होती. हिरवं म्हणायला कालव्याची तेवढी कड उरली होती. मला वाईट वाटलं. दोन दिवस साहेबाच्या जीपपायी मुकी जनावरं उपाशी, आणि इथे ढीगभर हिरवा पाला जाळायचा.

"अगं, मग हा ने की!"

वच्छीनं ढिगाकडे पाहिलं. "ह्यो? कुपनाचा?"

"कुंपणाचा म्हणून काय झालं?"

"कवा तोंड लावत न्हाईत ओ त्या ह्येला. फाटकापाशी येत्यात, पर ह्येला सोडून मेंदी खात्यात."

"काटे असतात जून फांद्यांना, म्हणून. ही कोवळी शेंड्याची आहे. बारीक तोडून सालींत मिसळून दे, बघ कशी खातात."

"पर आत्याबाईस्नी इचारते..."

"वच्छे, मी झाडांचंच शिकलेय ना कॉलेजात? का उगाच?"

हे वाक्य मी बोलले. आवाजसुद्धा आठवतो, जरा लाडाचा, जरा चढलेला. कॉलेजात मी पाकळ्या मोजायला शिकले होते. दुरांता शेळीच्या पोटात गेला तर काय होतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

वच्छीनं पदर खोचला. आम्ही दोघींनी मिळून फांद्यांचा भारा बांधला. मण्यांसकट. डोक्यावर घेताना ती म्हणाली, "मालकांनी खोली बघितलीया तिकडं. मार्केट यार्डाच्या मागं. ये म्हंत्यात."

"मग जात का नाहीस?"

"शेळ्या कोन राखंल? आत्याबाईचं गुडघं गेल्यात. ह्या मेल्या म्हंजी सुटले बगा मी!"

आणि ती तेच मोठं हसू हसली. मीही हसले. नवरा पुण्यात हमाली करत होता, लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातले सगळे मिळून चार महिने ती त्याच्याजवळ राहिली होती. भाऱ्याखाली तिचं तोंड दिसत नव्हतं. कालव्याच्या पुलावरून पिवळे मणी हलत हलत गेले.

संध्याकाळी इस्माईल आला. उरलेला पाला त्यानं कोपऱ्यात नेऊन जाळला. राखेचा चांगला मोठा ढीग झाला.

दुसऱ्या दिवशी मुख्य अभियंता आले, सोबत त्यांच्या मिसेस. मिसेस आमच्या फाटकाशी थांबल्या, मण्यांना हात लावून "किती गोड!" म्हणाल्या आणि चार काड्या मागून घेतल्या. हे दिवसभर फुलून गेले होते. रात्री जेवताना मला म्हणाले, "तुझ्या झाडानं नाव काढलं हं." लग्नाला सहा वर्षं झाली होती. माझ्या कशाचं तरी त्यांनी कौतुक करावं असा तो दुसरा की तिसरा प्रसंग असेल.

सकाळी दूध आलं नाही. दहाच्या सुमाराला इस्माईल सांगत आला, "गजराबाईच्या शेळ्या गेल्या, बाईसाहेब. पाचही. काल दिवसभर तडफडत होत्या म्हणे. पोटं फुगली, तोंडाला फेस आला. ती कबरी पहाटेपर्यंत टिकली."

मी ओट्याशी होते. गॅस बंद केला. मला त्याच क्षणी कळलं. कळायला वेळ लागला, शंका होती, असं पुढे पुष्कळ वेळा स्वतःला सांगून पाहिलं. पण तसं नव्हतं.

"काय खाल्लं म्हणे?" यांनी विचारलं.

"सुनेनं काय तरी घातलं म्हणतात."

मी मृदूला अंघोळ घातली, वरण लावलं, पोळ्या केल्या. दुपारी जाऊन यावं असं चारदा मनात आलं. चपला घातल्यासुद्धा होत्या. मग ठरवलं, चार वाजता जाऊ, ऊन उतरलं की.

चारच्या आधी तेच आले. पुढे गजराबाई, तिच्या भावकीतले दोन पुरुष, आणि मागे चार पावलांवर वच्छी. तिच्या गालावर वळ होते. फाटकाच्या आत कुणी आलं नाही. आवाज ऐकून हे बाहेर आले, माझ्या बाजूला उभे राहिले.

गजराबाई रडत नव्हती. दोन्ही हातांनी फाटक धरून ती म्हणाली, "बाई, तुमी शिकल्यासवरलेल्या. तुमी खोटं बोलनार न्हाई. म्हनून तुमच्या दारात आलो. ही म्हंती, परवाच्या दिशी पाला तुमी दिला. ह्या झाडाचा. खरं का?"

"माझी बायको कशाला देईल?" हेच बोलले. "मी जाळायला सांगितला होता सगळा. तो बघा राखेचा ढीग."

"सायेब, तुमी थांबा. मला बाईच्या तोंडून पायजे." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी हो म्हनला, तर माझ्या नशिबानं गेल्या. मी तोंडातून शबुद काढनार न्हाई. तुमच्या पोरीच्या तोंडात माझ्या कबरीचं दूध हाय, तुमी वंगाळ करनार न्हाई ह्ये मला ठावं हाय. पर न्हाई म्हनला, तर मग ह्या बयेनंच घातलंय काय तरी. मग ही माझ्या घरात ऱ्हानार न्हाई. लेकाला तसं कळवनार."

किती सोपं करून ठेवलं होतं तिनं. एक 'हो' म्हणायचं होतं. माफी आधीच दिलेली होती, नुसती उचलायची होती.

मी भ्यायले होते का? कशाला? गजराबाई काय करणार होती मला? हे रागावले असते, चार दिवस अबोला धरला असता. मोठ्या साहेबांच्या मिसेसनी नेलेल्या काड्या आठवून ओशाळले असते. बस, एवढंच. इतकी वर्षं शोधते आहे, याहून मोठं कारण सापडत नाही. मला फक्त चुकलेली दिसायचं नव्हतं. त्या फाटकाबाहेरच्या लोकांसमोर तर नाहीच.

"नाही," मी म्हटलं. "मी साली दिल्या. मटाराच्या. पाला सगळा जाळला."

वच्छीनं मान वर केली. "बाई," ती म्हणाली. बास, तेवढंच.

ती ओरडली असती, मला खोटारडी म्हणाली असती, तर कदाचित मी मोडले असते. ती फक्त बघत राहिली. आणि गजराबाईही बघत होती, अजून तिची खात्री पटलेली दिसेना. ते मला सहन होईना. खोटं पक्कं करायला हवं होतं. म्हणून मी म्हटलं, "ती परवा इथेच म्हणत होती, शेळ्या मेल्या तर सुटेन मी, पुण्याला जाता येईल."

भावकीतल्या एकानं मान हलवली, झालं, मिटलं, अशी. गजराबाई मागे वळली आणि सुनेकडे बघायला लागली.

"म्हनलीस तू असं?"

वच्छीला नाही म्हणता आलं असतं. मी खोटं बोलले होते, तीही बोलू शकली असती. पण ती म्हणाली, "मी हसत म्हनले हुते, आत्याबाई."

ते पुलावरून परत गेले. हे म्हणाले, "काय एकेक माणसं असतात! नवऱ्याकडे जायचं म्हणून मुक्या जनावरांना विष घालायचं?" आणि आत जाऊन त्यांनी रेडिओ लावला.

पाचव्या दिवशी दुपारी वच्छी एकटी आली. हातात कापडाचं बोचकं होतं. पुलावर तिचा भाऊ सायकल धरून उभा होता, न्यायला आलेला. मी तिला खिडकीतून पाहिलं आणि पडद्यामागे झाले. मग मृदू "वच्चीऽ" करत धावली, म्हणून बाहेर यावंच लागलं.

मला वाटलं, आता ती बोलेल. तळतळाट देईल. हे घरी नव्हते, कुणीच नव्हतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती मृदूच्या पुढ्यात बसली. पोरीची मूठ उघडून तिनं आतले दोन पिवळे मणी काढून घेतले आणि लांब भिरकावले.

"बाई, ही मनी तोंडात घालती. मी दोनदा बघितलंय. मला आधी काय वाटलं न्हाई. पर आता..." तिनं मृदूची मूठ पदरानं पुसली. "पोरीला जपा. झाड वंगाळ हाय."

मी काय करावं? माणूस निघालं की सवाष्णीला कुंकू लावायचं, ओटी भरायची, एवढं एकच हाताला ठाऊक होतं. मी आत पळाले. कुंकवाचा करंडा घेतला, तांदूळ घेतले, सुपारी आणि एक नवा खण घेतला. तांदूळ अर्धे ओट्यावर सांडले. बाहेर येऊन तिला कुंकू लावलं. तिनं कपाळ पुढे केलं. मी तांदूळ घेऊन वाकले तेव्हा तिनं पदर पुढे केला नाही.

"वटी नगं, बाई. कुकू हाय तवर असू द्या."

त्या अंगणात तेव्हा आम्ही दोघी आणि एक अडीच वर्षांचं पोर, एवढेच होतो. मला फक्त म्हणायचं होतं, चल, गजराबाईकडे जाऊ. पूल ओलांडायला पाच मिनिटं लागत. मी ओंजळीत तांदूळ धरून उभी राहिले आणि वच्छी गेली. सायकलच्या कॅरिअरवर बसताना तिनं बोचकं मांडीवर घेतलं. मागे वळून पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी मी इस्माईलकडून दोन्ही झुडपं मुळासकट उपटून घेतली आणि खड्ड्यात चुना टाकायला लावला. हे चिडले. मी म्हटलं, पोरगी मणी खाते. हे कारण त्यांना लगेच पटलं. माझ्या मुलीसाठी मला वच्छीचं म्हणणं पुरेसं होतं.

दीड महिन्यानं कळलं, नवऱ्यानं तिला सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दुसरं लग्न केलं. त्याच पावसाळ्यात आमची बदली झाली.

त्यानंतर मी फटी शोधत जगले. शेळ्यांनी ज्वारीचे कोवळे कोंब खाल्ले असतील. कुणी उंदराचं औषध टाकलं असेल. पाचही शेळ्या एका भाऱ्यानं कशा मरतील? दिवसा हे सगळं पटायचंसुद्धा. मग नऊ वर्षांनी एका शेतकी मासिकात शोभेच्या झाडांवर लेख आला. शेवटी चौकट होती, विषारी झाडांची. त्यात दुसऱ्याच ओळीत दुरांताचं नाव. जनावरं कशी मरतात तेही दिलं होतं, इस्माईलनं सांगितलं तसंच. मी मासिक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी यांना मैत्रिणीकडे जाते सांगून वच्छीच्या माहेरी जायला एसटीत बसले. तोवर गजराबाई वारल्याचं कानावर आलं होतं. पण वच्छी तर होती. मनात ठरवलं होतं, तिच्या पायावर डोकं ठेवायचं. मग तिच्या भावाला, गावाला, तिच्या नवऱ्याला, ज्याला सांगायचं त्याला सांगायचं. वाटेत दोन एसट्या बदलल्या. चारशे वेळा वाक्यं जुळवली.

भावाचं नाव अंकुश. घर सापडायला वेळ लागला नाही. त्यानं मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मात्र तो चटकन उठला, घोंगडी झटकून टाकली आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

"वच्छला कुठे आहे?" मी विचारलं.

"गेली की, बाई. हितं आल्यावर दोन वर्सांनी. खोकला धरला हुता. लई औषदं केली, पर तिलाच जगायचं नव्हतं."

मी बसून राहिले. चहा आला. कपबशी नवी होती, पाहुण्यासाठी काढलेली.

अंकुश जमिनीकडे बघत होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि सुरुवात सापडत नव्हती. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "तुमी एवढ्या लांबनं आला, तवा सांगतो. माझी भन मरस्तोवर तुमचं नाव घ्यायची. बाईंनी पाला दिला, बाईंनी पाला दिला, एकच धरून बसली हुती. आमी लई समजावलं. म्या मारलं बी एकदा, देवाशपथ सांगतो. म्हनलं, अगं, एवढी शिकल्याली बाई कशाला खोटं बोलंल? क्येलंस ते क्येलंस, वर चांगल्या मानसावर आळ घेतीस? पर तिनं काय सोडलं न्हाई. शेवटच्या रात्री बी तेच."

त्याचे डोळे भरले होते. "ती तर गेली. तिच्या वतीनं मी माफी मागतो, बाई. मनात काय ठिवू नका."

जुळवून आणलेली वाक्यं सगळी तोंडात होती. बाहेर त्याची बायको उंबऱ्याशी उभी राहून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी चहा संपवला. कप खाली ठेवला.

"असू दे," मी म्हटलं. "मी मनात काही ठेवलं नाही."